रत्ना डोंगर बघून परत येतेय

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं शैला! थांब, थांब, मिक्सर बंद करते… हं. बोल आता.

हो, गेले एकदाचे. मंगळवारी सकाळी गेले… हो ना! चार दिवस ते धूड माझ्या घरापुढे उभं होतं.

आरव्ही गं!… नाही, व्हॅन नाही. व्हॅन परवडली. ट्रकवर कुणी घर उचलून ठेवलंय असं समज. आत पलंग, शेगडी, फ्रीज, बाथरूम… हो, बाथरूमसुद्धा. सांगते तुला त्याचं, पण तू जेवतेयस का?… मग आधी जेवून घे.

छे, विकत कुठली, भाड्याची आहे. तिकडे पूर्वेला श्रूजबरीहून निघून पार इथे कोलोरॅडोपर्यंत ड्राइव्ह करत आले दोघं. वाटेत जो जो ओळखीचा, त्याच्याकडे मुक्काम. या वयात! विमानं बंद पडलीत का?… तेच म्हटलं मी रत्नाला. तर म्हणते, "रेणू, विमानातून डोंगर वरून दिसतात. मला खालून बघायचेत." घे! यावर काय बोलणार?

तुझी वहिनी आहे म्हणून सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस, पण…

नाही ना घेत? बरं. मग ऐक. आले तेच मुळी शेजाऱ्यांची मेलबॉक्स पाडत! खरंच! गुरुनाथ रिव्हर्स घेतोय, रत्ना मागे उभी राहून हात हलवतेय, "या… या… या…" आणि धाड. मेलबॉक्स आडवी. शेजारची बाई धावत बाहेर. हा उतरला. कसा? हाफ पँट, पायात पांढरे मोजे, मोज्यांवर सँडल आणि डोक्यावर ती मासे पकडायला जाणाऱ्यांची टोपी. तिला म्हणतो, "सॉरी मॅडम, माय आक्का इज शाय."

गाडी गं. गाडीचं नाव आक्का! "रेणू, नळ कुठे आहे, आक्कांना पाणी पाजायचंय." "आक्का दमल्यात आज." सकाळ-संध्याकाळ तेच. दुसऱ्या दिवशी माझा नवरापण आक्का म्हणायला लागला. म्हटलं, सुशांत, तू तरी वयाप्रमाणे वाग.

हो, हो, तोच गुरुनाथ. आपल्या श्रूजबरीच्या मंडळात गणपतीला माइक सोडायचा नाही तो… बरोब्बर! विनोद सांगायच्या आधीच हसायचा… हो, गेली ना सोडून त्याची बायको. मला काय माहीत का गेली? विनोद ऐकून गेली असेल.

अगं, हसू नकोस, घास अडकेल.

आणि संध्याकाळी लगेच एचओएची ईमेल. कॉलनीची कमिटी गं आमची, गवत दोन बोटं वाढलं तरी ईमेल करतात. "रस्त्यावर निवासी वाहन उभं आहे." इतक्या वर्षांत आम्हांला एक ईमेल नाही, आणि आता बघ. मी गुरुनाथला वाचून दाखवली. म्हणतो, "निवासी म्हणाले ना? मग आम्हांला कमिटीच्या मीटिंगला बोलवायला हवं."… नाही, मी नाही हसले. मी भाजी ढवळली.

बाथरूमचं? जेवलीस का?… बरं. सकाळी पोहे केले होते. तोंडात घास, आणि हा टेबलावर सुरू. संडासाचं काळं पाणी कुठे सोडायचं, आंघोळीचं करडं कुठे, पाइप कसा जोडायचा, हातमोजे कुठले घालायचे. "आधी काळं सोडायचं रेणू, मग करडं, म्हणजे पाइप आपोआप धुऊन निघतो." मी बशी बाजूला ठेवली. त्याने त्याचे संपवले. मग माझेही संपवले.

रत्ना? रत्ना हसत होती. त्या माणसाच्या प्रत्येक वाक्याला हसते ती. ऐक ना, मला त्याचाच सगळ्यांत राग आला. विनोद तरी बरे असावेत!

हं… मला माहीतच होतं तू हे विचारणार. त्यासाठीच फोन केलास ना?… अगं, मी वरच्या दोन्ही खोल्या तयार केल्या होत्या. दोन. वेगवेगळ्या. नव्या चादरी घातल्या. जेवणं झाली, भांडी झाली, आणि रत्ना म्हणते, "गुड नाइट रेणू, आम्ही आक्कात झोपतो." आम्ही!

हो. दोघं… अगं, एकच पलंग आहे त्यात. आता तो केवढा आहे ते मी टेप घेऊन मोजायला जाऊ का?

तुला धक्का बसला? मला नाही बसला? संजीवला जाऊन तीन-चार वर्षंच झालीत. तुझा भाऊ तो, सख्खा, तुला लागणारच… हो. हो गं… नाही, लोक तर बोलणारच.

इला? इलाने माझ्यासमोर व्हिडिओ कॉल केला. मला वाटलं, आता लेक आईला झापते. कसचं काय! "मॉम, यू गॉट अ टॅन! गुरू अंकल, मेक हर वेअर द हॅट!" बस. एवढंच. ही पोरं आपल्यासारखी नाहीत.

एक मिनिट हं… सुशांत, कोथिंबीर खालच्या कप्प्यात आहे!… खालच्या!… हं, बोल.

कधी? आज. आज संध्याकाळी पोहोचतील तुझ्याकडे. मंगळवारी निघाले, मध्ये आयोवात एक मुक्काम, मग शिकागो, डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत रत्नाला काहीतरी घ्यायचं होतं, आणि आज तुमचं डब्लिन. तुला केला होता ना तिने फोन?… उचलला नाहीस?… मेसेज?… वाचलास, पण उत्तर नाही दिलंस. अच्छा.

मला मध्ये घालू नकोस, शैला.

नाही, कळतंय मला. व्याही येणार आहेत रविवारी… हो, हो, घरापुढे ती गाडी, आणि आत ते दोघं, आणि तू ओळख काय म्हणून करून देणार… कळतंय गं. मी कुठे म्हणतेय त्यांना मिरवणुकीने आत घे?

बरं, ते सोड. तुला डोंगरावरचं सांगते ना.

अगं, आम्हांला घेऊन गेले ना पार्कमध्ये! रॉकी माउंटनला. मी म्हटलं, आमच्या कारने जाऊ. नाही! आक्काच हवी. ते दोघं पुढे, आम्ही दोघं मागे त्या टेबलापाशी. प्रत्येक वळणाला कपाटातली भांडी खडाखडा वाजताहेत, वरून चहाचा डबा सुशांतच्या डोक्यावर पडला. आणि दर पाच मिनिटांनी गाडी बाजूला. का? तर रत्नाला बघायचंय! दगड दिसला, थांब. झरा दिसला, थांब. जुलै महिन्यात एवढासा बर्फ दिसला, थांब! आणि हाही थांबतो! मागे गाड्यांची रांग लागलीय, लोक हॉर्न देताहेत, हा हात हलवून म्हणतो, "थँक यू, थँक यू." म्हटलं, रत्ना, न्यू हॅम्पशायरला डोंगर नव्हते का गं? तुम्ही तर दरवर्षी जायचात. तर म्हणाली, "होते असतील. माझी मान नकाशात असायची."

हो… नाही, असंच म्हणाली. तेव्हा माझ्याही काही डोक्यात आलं नाही.

मग ना… अगं, ऐक, मध्ये बोलू नकोस. परतीच्या वाटेवर रत्ना फोन बघून रस्ता सांगत होती. रेंज गेली. तिने आपलं अंदाजाने सांगितलं, डावीकडे घ्या. घेतलं डावीकडे. कच्चा रस्ता, खड्डे, धूळ, आणि पुढे कुणाच्या तरी कुरणाचं बंद फाटक. गाडी वळवायला जागाच नाही. मागून एक जीप आलेली, ती पों पों करतेय. मी चिडले. सरळच म्हटलं, "काय गं रत्ना, डावं-उजवं कळत नाही का तुला?"

आणि तिने हात वर केला.

असा… तुला कसं दाखवू आता. कोपर वर, पंजा तोंडापुढे. दाराला चिकटली पार. "सॉरी, सॉरी, चुकलं, चुकलं माझं, सॉरी." आणि मी मागे बसलेय, शैला. मी तिला हात लावू शकले असते का तिथून? ती माझ्याकडे बघतच नव्हती. ड्रायव्हरच्या बाजूला हात धरला होता तिने.

तो? त्याने तिच्याकडे बघितलं नाही. म्हणजे, मुद्दाम नाही बघितलं. गाडी बंद केली. म्हणाला, "आक्कांना इथे चहा हवाय." उतरला, त्या जीपवाल्याशी काहीतरी बोलला, आणि मग फाटकाला टेकून पाठमोरा उभा राहिला. वळलाच नाही. तिचा हात खाली येईपर्यंत वळला नाही. बराच वेळ लागला.

सुशांतने तिला पाणी दिलं. बाटलीचं झाकण उघडायलाच विसरला.

मग चहा त्यानेच केला. भयंकर. आलं नुसतं ठेचून फेकलेलं, साखरेचा पाक. मी गुपचूप गवतात ओतला. हे बघ, तो माणूस मला अजूनही आवडत नाही. त्याची टोपी आवडत नाही, विनोद आवडत नाहीत, आणि…

काय?

काय म्हणालीस?

मी कुठे म्हटलं संजीवने मारलं? मी म्हटलं, तिने हात वर केला. एवढंच म्हटलं मी. मारलं हा शब्द तू आणलास.

नाही, तूच आणलास. मी नावसुद्धा घेतलं नव्हतं त्याचं.

बोल ना.

"तापट होता." हो, तापट होता. माझे सासरेही तापट होते, आम्ही कुणी तोंडापुढे हात धरत नव्हतो.

अगं, मेलेल्या माणसाबद्दल मीही बोलत नाही. पण जिवंत माणसाबद्दल बोलू की नको?… बरं, मग ऐक. ऐकवत नसलं तरी ऐक. चहा झाल्यावर हे दोघं पुरुष गाडी मागे घेत होते, आणि आम्ही दोघी एका खडकावर बसलो होतो. समोर सगळी रांग, डोंगरामागे डोंगर, कडेला मोठाली एल्क हरणं चरताहेत. ती एकदम म्हणाली, "मी एकदा शैलाताईंकडे गेले होते, माहितीये?" मी म्हटलं, कितीदा तरी गेली असशील, नणंद आहे ती. म्हणाली, "तसं नाही. इलाला घेऊन. बसने."

आहे ना आठवण?

मला वाटलंच असेल म्हणून.

इला केवढी होती, चार-पाच वर्षांची? बसने रात्रभर प्रवास करून तुझ्या दारात आली ती. तू घरात घेतलंस. गरम वरण-भात वाढलास, वर तूप. इलाला आंघोळ घातलीस. आणि मग आत जाऊन संजीवला फोन केलास, येऊन घेऊन जा म्हणून.

नाही, ती तक्रार करत नव्हती! हेच तर तुला सांगतेय. मी चिडले, तर उलट तीच मला समजावत होती. "त्यांना काय वाटलं असेल, भावाचा संसार मोडतोय असं वाटलं असेल. पण रेणू, तो वरण-भात… मला वाढलेलं ताट कुणी समोर ठेवलं नव्हतं कित्येक दिवस. मी विसरले नाही तो भात." शैला, ही बाई तुझा भात लक्षात ठेवून आहे. फोन नाही. भात!

मी तिच्या जागी असते तर तुझ्या गावावरून गाडीसुद्धा नेली नसती. खरं सांगते.

हो, बोलतेय. लागेल असंच बोलतेय.

का येतेय म्हणजे? तुला वाटलं, ती तुझं घर बघायला येतेय? नवीन किचन बघायला?… हे खरं तर तीच सांगणार होती तुला, पण आता सांगून टाकते. लग्न करताहेत ते. सप्टेंबरमध्ये, रजिस्टर. इलाला माहीत आहे, आणि आता मला. श्रूजबरीत कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, का गं, एवढी लपवाछपवी कशाला? म्हणाली, "आधी शैलाताईंना सांगायचंय. समोर बसून. संजीवच्या घरचं दुसरं आहे कोण? त्यांना बाहेरून कळायला नको."

मान ठेवतेय ती तुझा. कशाबद्दल ठेवतेय, देव जाणे.

रडू नकोस. रडायला काय झालं?… नाही, तुझी मुळीच दया येत नाहीये मला. मगाशी हसत होतीस तेव्हा चांगली हसत होतीस. मीही हसत होते. ते हसणं वेगळं.

समाज? कुठला समाज, शैला? तुझ्या डब्लिनमधली ती वीस घरं? ज्यांच्या पॉटलक डिनरला तू दर वेळी तोच एक पुलाव नेतेस आणि घरी येऊन सगळ्यांची उणीदुणी काढतेस, तो समाज? ते काय म्हणतील म्हणून…

मग व्याह्यांना सांग, ही माझी वहिनी. आणि हा तिचा होणारा नवरा, याचं बोलणं मनावर घेऊ नका. झालं! मी तेच सांगितलं आमच्या शेजारणीला.

म्हणजे?… काय सांगू तिला?

तुम्ही घरी नाही?… दोघंही? अचानक? कुठे गेलात?… शिकागोला! अगं, शिकागोहूनच तर येताहेत ते! खोटं तरी नीट बोल, शैला.

गाडी गराजमध्ये घातलीस?… पडदे ओढलेस. कधी?… सकाळीच. म्हणजे ठरवूनच बसलीयस. मग मला इतका वेळ मेलबॉक्सच्या गोष्टी कशाला सांगायला लावल्यास? करमणूक?

नाही. मी नाही सांगणार. तुझा निरोप तू दे. एवढा मोठा मेसेज वाचलास, चार शब्द टाइप कर. "येऊ नकोस, शैला." बघू होतात का टाइप.

काय झालं?… कसला आवाज?

बेल? आत्ता? सात वाजेपर्यंत येणार होते ना… लवकर पोहोचले असतील, रस्ता मोकळा मिळाला असेल. खिडकीतून बघ… पांढरी? मोठी? मग तेच, दुसरं कोण असणार?

चल, ऊठ. दार उघड. मी ठेवते फोन.

शैला?

कुजबुजतेस कशाला?… स्वतःच्या घरात उभी राहून कुजबुजतेस?

ऐकू आली मला. दुसऱ्यांदा वाजली.

कोण आहे दारात?… एकटीच?… आणि तो गाडीतच बसलाय?… हो, म्हणाली होती ती मला. "आधी मी एकटी जाईन, शैलाताईंना अवघडल्यासारखं नको." हातात काय आहे?… मिठाईचा बॉक्स. म्हणजे डेव्हन ॲव्हेन्यूवर तेच घ्यायला थांबली होती. तुझ्यासाठी.

बघतेयस ना तिच्याकडे? काय करतेय?… केस नीट करतेय.

शैला, एवढ्या वर्षांत तुला दुसऱ्यांदा संधी मिळतेय. सगळ्यांना मिळत नाही. जा ना गं… काही बोलू नकोस, नुसतं दार उघड. बाकीचं ती बोलेल, ती आता बोलते… मिठी मारवत नसेल तर मारू नकोस, पाणी विचार, पाणी तरी…

हलत का नाहीयेस?

नाही?… नाही म्हणतेस.

तिसरी. ऐकली मी.

हळू बोल, हळू बोल म्हणून मला काय सांगतेस? मी बाराशे मैलांवर आहे. तिला मी ऐकू येत नाही. तू ऐकू येशील म्हणून घाबरू नकोस, तूही येणार नाहीस.

बरं. ठेवते मी… तिला फोन करायचाय म्हणून ठेवते. तिथे उभं ठेवायचं का तिला अंधार पडेपर्यंत? पुढे वाटेत कुठेतरी आरव्ही लावायला जागा मिळेल, उजेड आहे तोवर जायला हवं त्यांना.

नाही गं, तुझी तक्रार नाही करणार. पडदे, गराज, कशाचंच नाव नाही घेत. तुला हवं तेच सांगते तिला. रत्ना, घरी कुणी नाही गं, निघ तू.

त्यात खोटं काय आहे?